गिरणगावचा फावला वेळ

रोजच्या जगण्यात कलेला जागा द्यावी, दिवसातून थोडा वेळ गावे, रंगवावे, लिहावे, म्हणजे मन निरोगी राहते, असा उपदेश गेली काही वर्षे वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांपासून डॉक्टरांच्या दवाखान्यांपर्यंत सर्वत्र ऐकू येतो. त्याला शास्त्राचा आधारही मिळाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने २०१९ साली तीन हजारांहून अधिक अभ्यासांचा धांडोळा घेऊन कला आणि आरोग्य यांचा संबंध सांगणारा अहवाल प्रसिद्ध केला. हा उपदेश खोटा आहे, असे आम्हांला म्हणायचे नाही. मात्र त्यात एक विशिष्ट माणूस गृहीत धरलेला असतो. त्याच्यापाशी थोडा मोकळा वेळ आहे, बसायला स्वतःचा कोपरा आहे आणि तो एकटा आहे. मुंबईत लालबाग-परळच्या परिसरात, ज्याला आपण गिरणगाव म्हणतो तेथे, कित्येक पिढ्यांतील माणसांपाशी ना वेळ होता ना कोपरा; आणि तरीही ती गात होती, नाचत होती, नाटके करीत होती, लिहीत होती. हे त्यांना कसे साधले आणि त्यातून त्यांना काय मिळाले, हे तपासले तर आजच्या उपदेशातील उणीवही कळेल असे वाटते. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकांनी हा प्रश्न आपला मानावा, यासाठी हे टिपण.

वेळ

मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी ताडदेवला उभारायला घेतली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. त्यानंतरच्या कित्येक दशकांत गिरणीचा दिवस सूर्योदयाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपत असे. आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि जी मागणी लावून धरली, तीत रविवारच्या सुट्टीचा समावेश होता. १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार. म्हणून तो मोकळा असावा, असा युक्तिवाद लोखंड्यांनी केला होता असे सांगतात. ख्रिस्ती राज्यकर्त्यांचा विश्रांतीचा वार आणि जेजुरीच्या देवाचा वार एकच निघावा, या योगायोगाचा सत्यशोधक लोखंड्यांनी उपयोग करून घेतला असेल, तर त्यांच्या चातुर्याला दाद द्यायला हवी. आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते हे, की गिरणगावच्या कलाजीवनाची पहिली तारीख कोणत्याही नाटकाची नाही. ती एका सुट्टीची आहे.

ही कमाई सरळ रेषेत वाढली नाही. १९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाच नाहीशी झाली; कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांपर्यंत लांबला. ज्या उजेडात माणसाने संध्याकाळी पोथी वाचावी, त्याच उजेडाने संध्याकाळ खाऊन टाकली. १९११ च्या कायद्याने कापडगिरणीतील प्रौढ पुरुषाचा दिवस १२ तासांचा ठरवला. १९२२ मध्ये तो ११ तासांचा, १९३४ मध्ये १० तासांचा आणि स्वातंत्र्याच्या आगेमागे ९ तासांचा व आठवड्याला ४८ तासांचा झाला. प्रत्येक तासामागे संप, मोर्चे आणि बुडालेले पगार आहेत. कामगारांची भजनी मंडळे, नाट्यमंडळे, वाचनालये यांची वाढ आणि या तासांची घट एकाच काळातली आहे. फावला वेळ हा शब्द आपण सहज वापरतो. 'फावणे' म्हणजे संधी साधणे, सवड मिळणे. गिरणगावात ती सवड आपोआप फावलेली नव्हती.

जागा

दुसरी अडचण जागेची. रत्नागिरी, सातारा, पुणे, कोल्हापूर या भागांतून आलेला कामगार बहुधा एकटा येई. बायकामुले गावी राहत. एकाच गावचे दहा-पंधरा, प्रसंगी त्याहून अधिक गडी मिळून एक खोली घेत. कोणी दिवसपाळीला, कोणी रातपाळीला, म्हणून तेवढी माणसे त्या खोलीत झोपू तरी शकत. प्रत्येकाची एक ट्रंक आणि एक वळकटी, जेवण खानावळवालीकडे. १९२० च्या दशकात मुंबई विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे ज्या बीडीडी चाळी बांधल्या, त्यांतील खोली १६० चौरस फुटांची. अशा खोलीत 'स्वतःचा कोपरा' हा शब्दप्रयोगच संभवत नाही.

परंतु खोलीने जे नाकारले ते चाळीच्या गॅलरीने, पटांगणाने, जिन्याखालच्या जागेने आणि रस्त्याने दिले. एका गावची खोली ही त्या गावच्या भजनाची जागाही असे. टाळ आणि पखवाज वर्गणीतून येत. पुढे पेटी आली. कोकणातल्या दोन बुवांनी समोरासमोर बसून एकमेकांना सूर आणि शब्द यांत जिंकू पाहण्याची डबलबारी मुंबईत फोफावली. जाखडी, नमन-खेळे, शक्ती-तुऱ्याचे सामने, दशावतार हे सारे गावाकडून आले आणि येथे वेगळे झाले. दशावतारात संहिता लिहिलेली नसते. कथानक ठाऊक असते आणि संवाद नटाने उभ्या उभ्या रचायचे असतात. म्हणजे दिवसभर साच्यावर दुसऱ्याच्या मापाने हात चालवणारा गडी रात्री राजा किंवा संकासूर होऊन आपल्या मापाने बोलत असे. घाटावरच्या मंडळींचा ओढा तमाशाकडे. लालबागचे हनुमान थिएटर त्यांचे. आपल्या वाङ्मयेतिहासांत पठ्ठे बापूरावांचे नाव येते, पण त्यांच्या वगांना आणि लावण्यांना मुंबईत जो श्रोता मिळाला, तो मोठ्या प्रमाणावर हाच गिरणीवाला होता, हे क्वचित सांगितले जाते.

जवळच्याच गिरगावात चित्र थोडे निराळे होते. तेथील चाळींतून कारकून, शिक्षक, छापखान्यातले लोक राहत. १८९३ मध्ये केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. १८९४ मध्ये राजा रविवर्मा यांचा शिळाछापखानाही गिरगावातच निघाला. पुढे तो मळवलीला गेला, पण त्याने चाळीच्या भिंतीवर लक्ष्मी-सरस्वतीच्या रूपाने चित्र आणून टांगले, ही गोष्ट लहान नव्हे. १९३५ मध्ये मुंबई मराठी साहित्य संघ स्थापन झाला. गिरगावच्या कलाव्यवहाराला सभा, वार्षिक अहवाल आणि अध्यक्षीय भाषणे लाभली. म्हणून त्याचा इतिहास लिहिला गेला. गिरणगावच्या भजनी मंडळाकडे फार तर वर्गणीची वही असे, आणि ती चाळ पडली तेव्हा बहुधा रद्दीत गेली.

सुधारकांचा हेतू, कामगारांचा हेतू

कामगारांनी रिकाम्या वेळात काय करावे, याची काळजी इतरांनाही होती. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. तिने रात्रशाळा काढल्या, वाचनालये काढली, पुस्तकांच्या पेट्या वस्त्यांतून फिरवल्या आणि १९२२ मध्ये परळला दामोदर ठाकरसी सभागृह उभे केले. या कामामागची कळकळ निःसंशय होती. तिच्या जोडीला एक वळण लावण्याची इच्छाही होती: कामगार दारूच्या गुत्त्यावर जाऊ नये, तमाशाला बसू नये, त्याने 'निकोप' करमणूक करावी. त्या काळी हा विचार जगभर होता. इटलीत मुसोलिनीच्या राजवटीने १९२५ मध्ये कामानंतरच्या वेळासाठी एक राष्ट्रीय संस्थाच काढली आणि कामगाराची संध्याकाळ सरकारच्या ताब्यात घेतली. लीगची तुलना त्या संस्थेशी करणे अन्यायाचे होईल. पण दुसऱ्याच्या भल्यासाठी त्याचा फावला वेळ भरून काढू पाहणाऱ्या प्रत्येकाने हा शेजार ध्यानात ठेवावा.

गंमत अशी, की सभागृह एकदा उभे राहिले की ते बांधणाऱ्यांच्या हेतूंत मावत नाही. ९ मार्च १९२४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच दामोदर सभागृहात सभा बोलावली आणि तिच्यातून बहिष्कृत हितकारिणी सभा जन्मली. त्यांचे कार्यालयही काही काळ याच वास्तूत होते. पुढे हेच रंगमंच कामगार रंगभूमीचे, नमनाचे, जाखडीचे, दशावताराचे माहेरघर झाले. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धारासाठी किंवा शाळेच्या इमारतीसाठी नाटक लावायचे, तिकिटे पाळीवर आणि चाळीत खपवायची आणि नायकाची भूमिका साचेखात्यातल्याने करायची, अशी ही रीत होती. गंगाराम गवाणकरांच्या 'वस्त्रहरण' या नाटकाने १९८० मध्ये हौशी नाटकवाल्यांची जी फजिती रंगवली, तिला प्रेक्षक इतके हसले, कारण त्यांतल्या अनेकांनी अशा नाटकाचा पडदा कधी ना कधी ओढलेला होता.

शासनानेही या कामात लक्ष घातले. १९५३ च्या कामगार कल्याण निधी कायद्यान्वये कामगार कल्याण मंडळ स्थापन झाले. त्याच्या केंद्रांतून वाचनालये, व्यायामशाळा, शिवणवर्ग, भजनस्पर्धा आणि नाट्यस्पर्धा सुरू झाल्या. या निधीत पैसा कोठून येई, हे मुळातून पाहण्यासारखे आहे. कायद्याने त्यात दोन गोष्टी घातल्या होत्या: कामगारांकडून वसूल केलेला दंड आणि मालकाकडे पडून राहिलेले, कोणी न उचललेले वेतन. न उचललेल्या वेतनाच्या तरतुदीविरुद्ध बॉम्बे डाइंग ही कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९५७ मध्ये न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. दंडाची मात्र कायम राहिली. १९३६ च्या वेतनविषयक कायद्यानेच दंडाची रक्कम कामगारांच्या हितासाठी खर्च करण्याचे बंधन घातले होते. म्हणजे कापडात एक दोष राहिला म्हणून विणकराच्या पगारातून जे कापले गेले, त्याचा अंश कल्याण केंद्रातल्या तबल्यापर्यंत पोहोचणे शक्य होते. कलेच्या अर्थकारणावर आपण वर्गात बोलतो तेव्हा राजाश्रय आणि लोकाश्रय असे दोन शब्द वापरतो. या तिसऱ्या प्रकाराला आपल्याकडे नावच नाही.

कामगारांचा स्वतःचा हेतू कोणता होता? त्यांनी तो लिहून ठेवला नाही. परंतु त्यांच्या दिवसाच्या रचनेवरून काही अनुमान करता येते. साचेखात्यातील गोंगाटात शेजारच्या माणसाचे बोलणे ऐकू येत नसे. खुणांनी आणि ओठांच्या हालचालीने बोलावे लागे. स्वतःचा आवाज ऐकायला मिळे तो भोंगा झाल्यावर. दिवसभर ज्याला आवाज नाही त्याने रात्री उच्च स्वरात भजन करावे, हे भक्तीइतकेच शरीराच्या गरजेतून आलेले असणार. दुसरी गोष्ट नावाची. बदली कामगार रोज दारात उभा राहायचा. काम मिळेल की नाही हे जॉबरच्या मर्जीवर. तोच माणूस मंडळात 'बुवा' असायचा, 'मास्तर' असायचा, त्याच्यासाठी लोक खोळंबायचे. आजच्या भाषेत ज्याला मानसिक स्वास्थ्य म्हणतात, त्याचा मोठा भाग आपली कोणी वाट पाहत आहे या जाणिवेचा असतो. ती जाणीव छंद देत नाही, मंडळ देते.

हे सारे गोड करून सांगण्याचा मोह टाळला पाहिजे. मंडळे गावावर उभी होती, आणि गाव म्हटले की जात आली. विणकाम खात्यात धोट्यातून सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून त्या अधिक पगाराच्या खात्यात अस्पृश्य कामगाराला शिरकाव नव्हता, डॉ. आंबेडकरांनी १९२८-२९ च्या संपांच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला. जो तोंडाने ओढलेले सूत चालवून घेत नव्हता, तो त्याच तोंडाने गायलेला अभंग कितपत चालवून घेत असेल? आंबेडकरी जलसे वेगळे उभे राहिले ते या पार्श्वभूमीवर. वामनदादा कर्डक यांचे उदाहरण येथे फार बोलके आहे. १९२२ मध्ये सिन्नर तालुक्यातील देशवंडीला जन्मलेले वामनदादा मुंबईत आले तेव्हा निरक्षर होते. कोणीतरी वाचून दाखवण्यासाठी हाती दिलेले पत्र वाचता आले नाही म्हणून त्यांना रडू आले, असे त्यांच्या चरित्रात येते. शिवडीच्या बीडीडी चाळीत त्यांनी अक्षर गिरवले आणि १९४३ मध्ये पहिले गीत रचले. पुढची सहा दशके हा माणूस गावोगाव गात राहिला. अक्षर, गाणे आणि स्वाभिमान यांची अशी गाठ पडली की कला जगण्यात 'आणावी' लागत नाही.

अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून हीच शक्ती चळवळीकडे वळवली. अण्णाभाऊंनी गिरणीत काम केले होते, माटुंग्याच्या लेबर कॅम्पात दिवस काढले होते. त्यांची मैनेची छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गाजली, कारण गावी राहिलेल्या बायकोचा विरह हा त्या श्रोत्यांचा रोजचा अनुभव होता. मुंबई महाराष्ट्रापासून तुटण्याची कल्पना त्यांना त्या अनुभवातून कळली. पक्षानेही कला साधन म्हणून वापरली, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो अगदीच गैर नाही. पण सुधारकांच्या निकोप करमणुकीहून येथे एक फरक होता: गाणारा आणि ऐकणारा एकाच खोलीतून आले होते.

बायकांचा फावला वेळ

आतापर्यंत ज्या वेळेविषयी आम्ही लिहिले ती वेळ पुरुषांची होती, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. गिरण्यांत बायका होत्या. रीळखात्यात, वाइंडिंगमध्ये त्यांची संख्या एके काळी मोठी होती आणि पुढे ती घटत गेली. कारखाना कायद्याने त्यांचे गिरणीतले तास कमी केले, चुलीपुढचे तास कमी केले नाहीत. वीस-वीस गड्यांचे डबे करणाऱ्या खानावळवालीला तर कोणताच कायदा लागू नव्हता. पुरुषांना भजनाला बसता येत होते ते कोणीतरी भाकऱ्या थापत होते म्हणून. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले तेव्हा या बायका प्रथम एक संघटित गट म्हणून दिसू लागल्या.

त्यांची कला मग कोठे होती? मंगळागौरीच्या आणि हळदीकुंकवाच्या निमित्ताने, दारातल्या रांगोळीत, गोधडीच्या टाक्यांत, गावाहून आणलेल्या ओव्यांत. ती कामातच मिसळलेली असे, किंवा सणाची परवानगी घेऊन येई. इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस एकोणिसाव्या शतकात सांगत होता की कामातला आनंद म्हणजेच कला. वाचायला हे वाक्य सुंदर आहे. गोधडी शिवणारीला तो आनंद होता की केवळ थंडीची काळजी होती, हे तिला कोणी विचारलेले नाही. आणि मुलाखतींची साधने हाती असतानाही आपल्या विद्यापीठांतून ते फारसे विचारले गेले नाही.

संपानंतर

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्याच बंद पडत गेल्या. त्याची आर्थिक आणि राजकीय चर्चा पुष्कळ झाली आहे. आमच्या विषयाच्या अंगाने पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. संपामुळे कामगाराला वेळ मिळाला, आयुष्यात प्रथमच हवा तेवढा. सारा दिवस फावला झाला, आणि त्याच वेळी मंडळांचा आधार ढासळू लागला. पाळी गेली तशी पाळीवरची वर्गणी गेली. गावची खोली गेली किंवा रिकामी झाली. रिकामा वेळ आणि फावला वेळ हे समानार्थी शब्द नाहीत, हा धडा गिरणगावाने फार महाग शिकवला.

जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकात हा रिकामा वेळ रंगमंचावर आला. लालबागच्या एका खोलीतले कुटुंब, कामाला न लागलेले मुलगे आणि त्या सगळ्यांना सांभाळणारी आई. त्यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या कथासंग्रहाला २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्याच्या शीर्षकातला फिनिक्स हा पुराणातला पक्षी तर आहेच. पण ज्या फिनिक्स मिलच्या जागी आज मॉल उभा आहे तिचीही आठवण मुंबईकर वाचकाला झाल्यावाचून राहत नाही. दामोदर नाट्यगृह २०२३ च्या अखेरीस पुनर्विकासासाठी बंद झाले, तेव्हा रंगकर्मींनी विरोध केला. त्यांच्या मागणीत भावनेचा भाग होता, तसा साधा हिशेबही होता: नमनाच्या किंवा शक्ती-तुऱ्याच्या मंडळाला परवडेल अशा भाड्यात मध्य मुंबईत दुसरी जागा किती?

आमच्या अभ्यासक्रमांत नारायण सुर्वे आहेत आणि असायलाच हवेत. गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलून घरी आणलेले मूल, पुढे गिरणीत, मग शाळेत शिपाई, मग शिक्षक आणि 'ऐसा गा मी ब्रह्म' (१९६२) चा कवी, हा प्रवास विद्यार्थ्यांना भारून टाकतो. पण आपण तो एका असामान्य माणसाची कथा म्हणून शिकवतो. ज्या वस्तीत रात्री शेकडो सामान्य माणसे शब्द जुळवीत होती, बाऱ्या रचत होती, शाहिरी ऐकत होती, त्या वस्तीत एक सुर्वे उभा राहतो, ही बाजू प्रश्नपत्रिकेत येत नाही. सुर्व्यांना मोठे ठरवण्यासाठी त्या शेकडोंना मुके ठरवायची गरज नाही.

आता पुन्हा त्या उपदेशाकडे. कलेने माणसाला बरे वाटते, हे गिरणगावाचा इतिहासही सांगतो. मात्र तो पुढे असेही सांगतो की त्यासाठी कामाच्या दिवसाला शेवट लागतो, परवडणारी जागा लागते आणि वाट पाहणारे सोबती लागतात. यांपैकी एकही गोष्ट व्यक्तीने निश्चय करून मिळत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतील दिवसाच्या कामाची मर्यादा ९ तासांवरून १२ तासांपर्यंत नेण्यास मान्यता दिली. कामगाराची संमती, जादा कामाचा मोबदला अशा अटी त्याला आहेत. आकडा मात्र १९११ चाच आहे. रोज अर्धा तास चित्र काढा, असे ज्यांना सांगायचे आहे, त्यांनी तो अर्धा तास कोणत्या बारा तासांनंतरचा, हेही विचारले पाहिजे.